मापाचा ब्लाऊज

मे महिन्यातला शेवटचा सोमवार, दुपारची जेवणं व्हायची होती. हजर माणसं अशी: अण्णा, म्हणजे माझे वडील, पुढच्या दुकानात बेतायच्या टेबलाशी. आत्या, त्यांची मोठी बहीण, उंबऱ्यात बसून शर्टांना काजं करत. आई मागल्या दाराशी सूप घेऊन. कुमुदमावशी, आईची मोठी बहीण, सकाळच्या एसटीने आंजर्ल्याहून आलेली, माजघरात पिशव्या सोडत. आणि मी, दहावीत जाणारी, जिथे कोणी हाक मारील तिथे. गैरहजर: वीज. कोण कुठे होतं ते आधी मांडून घेतलं की पुढचं बरोबर आठवतं, अशी माझी सवय आहे. घरातले सगळे हसतात तिला, पण गाडीत बसल्यावर डबा राहिला का, हे विचारायला माझ्याकडेच येतात.

आमचं दुकान रत्नागिरीच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत होतं आणि दुकानाच्या पाठीला घर. मधे एक पडदा. मे महिना म्हणजे गणवेशांचा महिना. इतर लोकांच्या घरी मुंबईची माणसं येत, पत्ते रंगत, आम्ही मात्र पांढऱ्या आणि निळ्या कापडाच्या ताग्यांमधून वाट काढत असू. अण्णांचा एक नियम होता, तो त्यांनी कुणासाठी मोडला नव्हता. सुती कापड आधी भिजवायचं, रात्रभर पाण्यात ठेवायचं, वाळवायचं, इस्त्री करायची आणि मग कात्री लावायची. आमच्या परसात विहिरीजवळ दगडी दोण होती, तिच्यात तागे बुडवून ठेवलेले असत. पहाटे ते पिळून चिऱ्याच्या गडग्यावर पसरायचं काम आईचं आणि माझं. ऊन चढलं की ओल्या कोऱ्या कापडाला एक खळीचा वास सुटतो. तो मला अजूनही मे महिन्याचा वास वाटतो, आंब्याचा नव्हे. बाकीचे शिंपी अण्णांना हसत. कापड भिजवण्यात दोन दिवस जातात, तेवढ्यात दुसरा माणूस दहा शर्ट शिवून मोकळा होतो. अण्णा म्हणत, "आटायचं ते माझ्या अंगणात आटू दे. पोराच्या अंगावर नको."

आंबा आमच्याकडे असे तो आटवायचाच. पावसचे एक बागवाले गिऱ्हाईक होते, ते डागी आंब्यांच्या पेट्या पाठवत. आत्या चुलीवर मोठं पातेलं चढवायची, रस घालून पळीने ढवळत बसायची. रस आधी उसळ्या मारतो, हातावर उडतो, मग जड होत जातो, शेवटी पळी उभी राहते. एवढ्या पातेल्याचा गोळा बघता बघता डब्यात मावेलसा होतो. लहानपणी मला त्याचं फार नवल वाटे. आंबा होता तेवढाच आहे, नुसतं पाणी गेलं, असं आत्या सांगायची. त्या वर्षापर्यंत ढवळायला आई असे, कारण आत्याचे हात दुखायचे. त्या वर्षी आत्या एकटीच बसली होती. आईला कोणी बोलावलं नाही आणि ती आली नाही, आणि हे खटकावं असं कुणाला वाटलं नाही.

कारण ते हळूहळू झालं होतं. आईला काही झालं नव्हतं, हेच पुढे लोकांना पटवणं अवघड गेलं. भांडण नाही, कोणी गेलं नाही, ताप नाही. आधी ती गाणं गुणगुणायची ते थांबलं. मग शेजारी जाणं थांबलं. मग जेवताना आपल्या पानातला बांगड्याचा तुकडा माझ्या पानात टाकू लागली. "मला नको, तू वाढत्या वयाची आहेस." मी खाल्ला, कुणीही खाल्ला असता. ती मऊभात कालवून बसे, आम्ही उठलो की पान उचले. कोणी घरात आलं की भिंतीकडे सरकून अंग चोरून बसायची, जणू जागा पुरणार नाही. आत्या म्हणे, "गरीब आहे हो आमची भावजय, आवाज म्हणून नाही." हे कौतुक होतं.

आणि तिच्या ब्लाऊजवर एक चुणी पडलेली कधी कोणी पाहिली नाही. ह्याचं कारण सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या गल्लीत पुरुष शिंपी बायकांचं माप अंगावर घेत नसत. बाई आपला नीट बसणारा जुना ब्लाऊज पिशवीतून आणून द्यायची. त्याला मापाचा ब्लाऊज म्हणायचं. त्याच्यावरून नवा बेतायचा. आईसाठीही तेच. ब्लाऊज सैल झाला की आई दुपारी मागच्या हातमशीनवर बसून बाजूने एक टीप आत मारून घ्यायची. वर्षाकाठी नवा शिवायची वेळ आली की तोच आत घेतलेला ब्लाऊज मापाचा म्हणून अण्णांच्या टेबलावर यायचा. अण्णा त्याच्याबरहुकूम नवा बेतायचे. मग तोही सैल व्हायचा, त्यालाही टीप पडायची, पुढचा त्याच्यावरून. अण्णांच्या हाताला सफाई अशी की अंगावर बसलेला ब्लाऊज बघून कोणी म्हणावं, बाई आहे तशी आहे. दुसऱ्या घरात असती तर कपडे लोंबले असते आणि कोणीतरी विचारलं असतं. आमच्या घरात विचारायचं काही उरतच नव्हतं.

त्या सोमवारी मावशी पावसच्या एका लग्नाला जायला म्हणून आली होती. मावशीचे यजमान बोटीवर, वर्षातले बरेच महिने समुद्रात, त्यामुळे मावशी सगळीकडे एकटी जायची आणि दोघांचं बोलायची. पिशवीतून सुके बोंबील निघाले, नारळ निघाले, जरीचं लुगडं निघालं आणि त्याच्यावरचा ब्लाऊज निघाला नाही.

"राहिला गो! खाटेवर काढून ठेवला नि खाटेवरच राहिला," मावशी म्हणाली. "सुमे, तुझा तो डाळिंबी दे. आपलं माप एकच."

ते खरं होतं. लग्नाआधी दोघी बहिणी एकमेकींचे ब्लाऊज घालत. आईने पेटीतून डाळिंबी ब्लाऊज काढून दिला आणि पुन्हा सुपाशी जाऊन बसली. मावशीने मला माजघराचं दार लावायला सांगितलं. एक हात घातला, तो दंडाशी अडकला. दुसऱ्या हाताने ओढायला गेली तर तोही अडकला. मावशी दोन्ही हात वर करून उभी आणि आत ना बाहेर.

"हसतेस काय भवाने, काढ मला ह्यातून!"

मी आणि आत्याने मिळून तिला सोडवलं. आत्या हसून हसून खाली बसली. "कुमुद, आंजर्ल्याच्या हवेने तुला फुगवलंन."

मावशीही हसत होती. हसता हसता तिने स्वतःचा ब्लाऊज पुन्हा अंगात घातला, खाली ओढून सारखा करायला गेली आणि मधेच थांबली. "आत्याबाई," ती म्हणाली, "हा माझ्या अंगातला भावोजींनीच शिवलेला. सुमीच्याच मापावर. माझ्या धाकट्याच्या मुंजीला. तो मला अजून बसतोय." आत्याला कळलं नाही. मलाही नाही. मावशीने डाळिंबी ब्लाऊज उलटा केला आणि खिडकीशी नेऊन बाजूची शिवण बोटांनी उघडून धरली. आत एकाशेजारी एक अशा तीन टिपा होत्या. आईच्या हातच्या, सरळ, बारीक. त्यांच्याही बाहेर, कापडाच्या कडेला, अण्णांची मूळची टीप.

मावशी पडदा सारून थेट दुकानात गेली. एक गिऱ्हाईक बसलं होतं, त्याच्याकडे तिने बघितलंही नाही.

"भावोजी, हे माप कोणाचं?"

अण्णांनी चष्मा वर केला. "सुमतीचं."

"कशावरनं घेतलंत?"

"तिच्या मापाच्या ब्लाऊजवरनं."

"नि तो कशावरनं?"

"त्याच्या आधीच्या." अण्णांच्या बोलण्यात अजून नुसता धंद्याचा सूर होता. "का? फिटिंगला काही बिघडलंय?"

"बाईवरनं कधी घेतलंत?"

अण्णांनी ब्लाऊज हातात घेतला. त्यांना दाखवावं लागलं नाही. त्यांची बोटं आपोआप शिवणीवर गेली, आत शिरली, एक टीप, दुसरी, तिसरी मोजत गेली. मग त्यांनी त्या गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं. गणवेशांच्या दिवसांत अण्णांच्या तोंडून 'उद्या या' मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

आईला दुकानात आणायला वेळ लागला. मावशी दंडाला धरून घेऊन आली. दुकानाचं पुढचं दार ओढलं, पडदा टाकला. आई टेबलाच्या आणि भिंतीच्या मधे उभी राहिली, नजर जमिनीवर. अण्णांनी गळ्यातली टेप काढली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण दुकानात ती कधी गिऱ्हाइकासारखी उभी राहिली नव्हती. मला वहीशी बसवलं, कारण आकडे लिहून घ्यायचं काम माझंच असायचं. अण्णा मोठ्याने आकडा सांगायचे, मी लिहायचे. छातीचा आकडा त्यांनी सांगितला. मी लिहिला आणि वर बघितलं, कारण तोच आकडा त्या आठवड्यात मी पुन्हा पुन्हा लिहीत होते. सहावी-सातवीच्या मुलींच्या गणवेशांसाठी. "थांब, पुन्हा बघू," अण्णा म्हणाले. पुन्हा टेप फिरवली, या वेळी सैल. आकडा तोच. मग त्यांनी बाहीचं, कमरेचं काही घेतलं नाही. टेप हातात तशीच धरून स्टुलावर बसले.

"मला कळलंच नाही गो," ते आईला म्हणाले.

"मी नीट शिवून घ्यायचे," आई म्हणाली. तिला वाटलं तिच्या टिपांबद्दल बोलणं चाललंय.

मावशी लग्नाला गेली नाही. मंगळवारी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे वरात गेली. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. आत्याने क्षय धरून ठेवला होता, कारण तिच्या सासरी कोणाला तरी झाला होता. दोन दिवसांनी डॉक्टर म्हणाले, शरीरात काही नाही, ह्यांना मनाच्या डॉक्टरांना दाखवा, मी चिठ्ठी देतो. क्षय नाही ऐकून आम्ही सुटलो होतो, ते पुढच्या वाक्याने पुन्हा अडकलो. रत्नागिरीत वाढलेल्या माणसाला ह्यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे शाळेतली मुलंसुद्धा एकमेकांना चिडवायची ती 'तिकडे', म्हणजे गावातल्या वेड्यांच्या इस्पितळात, पाठवण्याच्या नावाने. उंच भिंत, मोठं फाटक, झाडं. आत गेलेलं माणूस आमच्या थट्टांमधून कधी बाहेर येत नसे.

"तिकडे न्यायची?" आत्याने रडायला सुरुवात केली. "आमच्या घरातली?"

"तिकडे नाही, आत्याबाई. बाईडॉक्टर आहे, तिचा स्वतःचा दवाखाना आहे," मावशी म्हणाली.

आई बऱ्याच दिवसांनी आपणहून काही बोलली. "मला ठेवून याल."

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. "तुला ठेवून मी घरी कसा येऊ? बोंबील कोण भाजणार? ही?" त्यांनी मावशीकडे बोट केलं.

"माझे बोंबील खाऊन माझा नवरा दर्यावर पळाला," मावशी म्हणाली. आई हसली नाही, पण तिने मान वर केली. मग तिने आपली अट घातली. दवाखान्याचं दार उघडं ठेवायचं आणि समोरच्या बाकावर आम्ही सगळ्यांनी दिसेल असं बसायचं. सगळ्यांनी.

शुक्रवारी अण्णांनी दुकान बंद ठेवलं. दोणीत तागे तसेच भिजत राहिले. आम्ही पाचजण दोन रिक्षा करून गेलो. डॉक्टरीणबाई ठेंगण्या, कॉटनची साडी, टेबलावर पाण्याचा तांब्या. अण्णांनी दाराची अट सांगितली, चाचरत. त्या म्हणाल्या, "राहू दे की उघडं, वारा येईल," आणि स्वतः उठून दाराला स्टूल लावलं. बाकावर आम्ही चौघं खांद्याला खांदा लावून बसलो, फोटोला बसल्यासारखे. ऐकू काही येत नव्हतं. आईची पाठ दिसत होती. तेवढ्यात तिने एकदा वळून पाहिलं, आम्हाला मोजलं आणि पुन्हा तोंड फिरवलं. नंतर वळलीच नाही. ती बोलत होती. हात हलताना दिसत होते. मावशीने माझा गुडघा इतका दाबून धरला होता की उठल्यावर मला नीट चालता येईना.

"काय विचारलंन?" बाहेर आल्या आल्या मावशी.

"झोप लागते का विचारलं. मी म्हटलं नाही."

"अगो, कधीपासून?"

"तेच त्यांनी विचारलं," आई म्हणाली.

अण्णांनी गोळ्यांची पुडी खिशात ठेवली आणि खिशावर हात ठेवूनच चालू लागले. परत जाताना आई म्हणाली, रिक्षा नको, चालत जाऊ. मासळीबाजारावरून जाताना तिची पावलं जरा रेंगाळली. "बांगडे ताजे दिसतायत," ती म्हणाली. एवढंच. त्या वाक्याने चार माणसं एकदम मासेवालीपुढे उभी राहिली आणि तिने भाव वाढवून सांगितला तरी कोणी घासाघीस केली नाही. त्या दिवशी आईने अर्धाच बांगडा खाल्ला. पण उरलेला अर्धा माझ्या पानात टाकला नाही, संध्याकाळसाठी झाकून ठेवला.

माझी मुलगी पुण्याला नोकरी करते. मागे एकदा फोनवर सहज म्हणाली, "आई, मी गुरुवारी श्रिंककडे जाते, त्या वेळी फोन करू नकोस." मी विचारलं, हे काय असतं? तर मनाचा डॉक्टर. तिच्या ऑफिसात असंच म्हणतात, कोणाला काही वाटत नाही. मी इंग्रजी शब्दकोश काढून बघितलं. कापड आटणं, माणसाने मागे सरणं, अंग चोरणं, कमी होत जाणं, आणि हा डॉक्टर, सगळं त्या एका शब्दात. आमच्याकडे ह्यातल्या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे, म्हणून की काय, आम्हाला ते सगळं एकाच बाईला होतंय हे दिसलं नाही. मुलीला मी एवढंच विचारलं, झोप लागते का. ती म्हणाली, आता लागते. मी फोन ठेवला आणि कढी खाली उतरवली.

गोळ्यांनी पहिले काही आठवडे आई नुसती झोपली. आत्या घाबरली, मावशी आंजर्ल्याहून निरोप पाठवत राहिली की झोपू दे, माझी बहीण आहे, उठल्यावर बोलेल. इकडे गणवेशांची घाई. दुकान बंद राहिलेले दिवस, अण्णांचं अर्धं लक्ष मागच्या खोलीत. त्या गडबडीत आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक तागा न भिजवता कापला. कोणाला कळलं नाही. जुलैत कळलं. एका शाळेतली मुलं पावसात भिजून, घरी कपडे धुऊन पुन्हा आली, तेव्हा त्यांच्या हाफपँटी वर चढल्या होत्या. हेडमास्तर दोन मुलांना घेऊन दुकानात आले. "हे काय हो, अण्णा? तुमच्याकडून?" अण्णांनी चष्मा पुसला. "आटलं," म्हणाले. सगळ्या पुन्हा शिवून दिल्या, स्वतःच्या कापडात. मला वाटलं होतं ते खचतील. पण ते शीळ घालत शिवत होते. कारण त्याच आठवड्यात आईने आत्याशी भांडण काढलं होतं, आमटीत मीठ जास्त झाल्यावरून. चांगलं खणखणीत. "मी घातलंच नाही जास्त!" "तर मग समुद्रातनं उडून आलं?" पडद्यामागून आवाज आला तसे अण्णांनी मशीन थांबवलं, ऐकलं आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. आत्या रडत बाहेर आली आणि म्हणाली, "बोलली हो! मला टाकून बोलली!" रडत होती की हसत होती, तिलाच कळत नव्हतं.

गणपतीत आईने डाळिंबी ब्लाऊज काढला आणि जुन्या पात्याने पहिली टीप उसवली. दुसरी दिवाळीत. तिसरी उसवायच्या आधीच अण्णांनी टेप घेऊन तिला दुकानात बोलावलं आणि नवा शिवला. आजार नंतर दोनदा परत आला, पण तेव्हा आम्हाला त्याचं तोंड माहीत होतं. आईने स्वतःच सांगितलं, "झोप गेली, चला," आणि चपला घातल्या. अण्णा आता नाहीत. आई आहे, ऐंशीच्या आतबाहेर, कोणाचं ऐकत नाही. दुकान मी चालवते, गणवेशच, सहा मशीनं, आणि घर आता दुकानाच्या वर. ताग्यांना पाणी अजून पाजते, फक्त दोणीऐवजी सिमेंटची टाकी आहे.

हे प्रकरण आज लिहून संपवायचं असं सकाळच्या यादीत होतं. कापडवाल्याला फोन झाला. विजेचं बिल झालं. पुण्याला कोकम पाठवलं. एक राहिलंय. ओव्हरलॉकवर, म्हणजे कापडाच्या कडा बांधायच्या मशीनवर बसणारी वैशाली, मूळची बुरोंडीची, लग्न होऊन इथे आलेली. आली तेव्हा तिच्या बडबडीने बाकीच्यांच्या टिपा वाकड्या जायच्या. गेले काही आठवडे डबा न उघडता परत नेते आणि विचारलं तर मान हलवते. कामात खोट नाही, म्हणून विषय काढायला कारण सापडत नाही. तिच्याशी बसून बोलायचं, हे आठवडाभर यादीत पुढे ढकलतेय.

आत्ता आई चहाचा कप घेऊन आली आणि माझ्यामागे उभी राहिली.

"वैशालीला विचारलंस?"

"हे एवढं संपवते."

"कोणाबद्दल लिहितेयस?"

"तुझ्याबद्दल."

"मला काय झालंय?" आई म्हणाली. "मी इथे उभी आहे की. खाली जा."

खालून ओव्हरलॉकचा आवाज येतोय. म्हणजे ती अजून घरी गेलेली नाही.